बिनदुधाची बिस्किटं आणि तीन शहाण्या

किस्से जमवावे लागत नाहीत. तीन म्हाताऱ्या एका कढईभोवती बसवा, मधे एखादा नवा पदार्थ ठेवा आणि बाजूला व्हा. मला बाजूला होता आलं नाही, कारण कढई माझी होती.

आधी कारण सांगते. माझी नात अन्वी नांदेडला असते, पाच वर्षांची. तिला दूध चालत नाही. दूध, तूप, खवा, काहीच नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो. मी हे मानत नव्हते. मागच्या वर्षी सुनेची पाठ फिरल्यावर पोरीला अर्धा पेढा भरवला, आणि मग तिला रिक्षात घालून दवाखान्याकडे पळाले. पोर वाचली. तेव्हापासून सून रूपाली उदगीरला येते ती पोरीचा वेगळा डबा घेऊनच. माझ्या घरातला दाणासुद्धा पोरीच्या तोंडात जात नाही. भांडत नाही बाई. गोड बोलते, "आई, तुम्ही त्रास घेऊ नका." भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाला ऐकत नाही.

मग ठरवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत येतील तेव्हा पोर माझ्या हातचं खाईल. मोबाईलवर सापडलं: ओट्स आणि बेदाण्यांची बिस्किटं. तेल, गूळ, कणीक, एक पिकलेलं केळ, चिमूटभर सोडा, दालचिनी. झालं.

* * *

ओट्स आणायला किराणा दुकानात गेले. साल दुष्काळाचं. गल्लीतल्या निम्म्या म्हशी चारा छावणीत, त्यात माझीही. दुकानदाराने पुडा काढला आणि म्हणाला, "अक्का, हे तर घोड्याचं खाणं हाय म्हणतेत. छावणीला नेऊन राहिलात का?"

"छावणीत कडबा देतात," मी म्हटलं. "हे दुकानदारांसाठी. दोन पुडे काढ, एक तुला ठेव."

ठेवला नाही त्याने. गिऱ्हाईकं मात्र बराच वेळ हसत होती.

* * *

शेजारची महादेवी. नवऱ्याची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत. हिच्या घरी वरणावर तूप इतकं ओततात की खालचं वरण शोधावं लागतं. दर उन्हाळ्यात आम्ही सगळ्या पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातो आणि समोर बसून डबाभर बिस्किटं भाजून आणतो. त्यात महादेवीचा तुपाचा तांब्या सगळ्यांत मोठा. भट्टीवरचे पत्रे अशा तुपानेच काळे झालेत. म्हणून मी म्हटलं, यंदा घरीच भाजणार, कढईच्या तळाला मीठ तापवून, वर ताटली ठेवून. तिला वाटलं, मला गरिबी आली.

पहिला घाणा करपला. दुसरा ताटलीला असा चिकटला की उलथन्याचा दांडा निघाला. तिसऱ्याला असा वास सुटला की गल्लीतली दोन माणसं दारात डोकावून गेली. नुसत्या तेलाला असा वास येत नाही. पाहते तर महादेवी कढईपाशी उभी, पदराखाली वाटी.

"काय घातलंस?"

"चमचाभरच, अक्का. तुमची इज्जत राहावी म्हणून. पाव्हण्याला तेलाचं बिस्कीट देतेत का कुणी?"

"पोरीचा घसा सुजला की ती तुझ्या इज्जतीनं श्वास घेईल का?"

फेकून देते म्हणून अख्खा घाणा घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दारात आला. फेकलेल्यातली आणखी आहेत का, असं विचारत होता!

* * *

त्याच आठवड्यात गल्लीत एक पुढारी आला. उदगीरचा जिल्हा व्हावा म्हणून सह्या घेऊन राहिला होता. लातूरचा जिल्हा झाला तेव्हाही अशीच धावपळ होती. तेव्हा मी तरुण होते आणि माझा विश्वासही बसायचा. आता सही देते, विश्वास देत नाही.

बसल्या बसल्या त्याने चौथ्या घाण्यातली पाच बिस्किटं खाल्ली. बेदाणे संपले होते, म्हणून त्यात ते नव्हते. सहावं उचलताना विचारलं, "यात घातलंय काय, आजी?"

"दूध नाही, तूप नाही, पाण्याचा थेंब नाही."

"मग हे हाय काय?"

"आपला तालुका. जिल्हा झाला की बेदाणे घालू."

* * *

शकुंतलाबाई कांबळे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. त्या कमी बोलतात आणि बोललं की झोंबतं. पाचवा घाणा सुंदर उतरला होता, बेदाणे फुगलेले, कडा लालसर. मी ताटली पुढे केली. त्यांनी बिस्कीट उचललं नाही. विचारलं, "अक्का, परात कशानं धुतली?"

आता टँकर आठ दिवसांनी येतो. भांडी कोण धुतंय? राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसायची. सगळी भांडी, एकच फडकं. त्यात दुधाचं पातेलंही आलं.

"म्हणजे तूप महादेवीनं घातलं," सिस्टर म्हणाल्या, "आणि दूध तुम्ही."

राग आला मला. खरं बोलणाऱ्याचाच येतो. त्या घरी गेल्या आणि मी एक अख्खी घागर उपसली. गरम पाणी, साबण, नवं फडकं. परात, ताटली, कढई, चमचे, डबा. महादेवी तिच्या उंबऱ्यातून बघत होती. म्हणाली, एवढ्या पाण्यात तिचा दोन दिवसांचा सैपाक होतो. मी परात आणखी एकदा विसळली.

सकाळी माझ्या दारात अर्धी घागर पाणी. पलीकडे महादेवी उभी.

"तपासून घ्या," म्हणाली. "तूप न्हाई यात."

* * *

सहावा घाणा डब्यात भरला आणि रूपाली आली. एसटी मुखेडला पंक्चर होऊन दोन तास उभी होती, तेवढ्यात पोरीचा घरचा डबा संपला. स्टँडवरच्या टपरीवर तिने ओट्सच्या बिस्किटांचा एक पुडा घेतला होता.

मी डबा पुढे ठेवला. काय घातलं, भांडी कशी धुतली, सगळं सांगितलं. सिस्टरना साक्षीला बसवलंच होतं, महादेवी न बोलावता आली होती. रूपालीने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान झालीत, आई. पण आपण पुढच्या वेळी बघू."

महादेवीने भांडायला तोंड उघडलं. मी तिला चिमटा काढला.

रूपालीने पुडा फोडला. पोरीने हात पुढे केला. मी म्हटलं, थांब बाळा, आजीला बघू दे. आणि चष्मा लावला.

शाळेत मी गेले नाही. मराठी अक्षरं भाच्याच्या पाटीवर शिकले, इंग्रजी गोळ्यांच्या पाकिटांवर. वाचते, पण बोट ठेवून, बैलगाडीच्या चालीनं. पुढच्या बाजूला कणसं होती, हिरवं पान होतं. मी पुडा उलटा केला. मागे मुंगीएवढी अक्षरं.

"आई, ओट्सचीच आहेत ती," रूपाली म्हणाली. "वर लिहिलंय की."

मी वाचत राहिले. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. दूध पावडर. इंग्रजीत होती, पण दूधच. नख त्या ओळीखाली तसंच धरून पुडा तिच्या हातात दिला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. पुडा मिटून पोरीपासून लांब, खिडकीत ठेवला.

"आई," ती म्हणाली, "तुमचा डबा द्या इकडं."

"देते," मी म्हटलं. "आधी हात धुऊन ये. साबण लाव. पाणी लागेल तेवढं घे."