उलटं मत

तापीकाठच्या लालबागला जीवनचं जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. हात तांब्याच्या तारेत आणि डोकं लिखाणात, असा त्याचा दिवस जातो. काही वर्षांपूर्वी त्याला ब्लॉकचेनवर चालणारं एक ब्लॉगचं संकेतस्थळ सापडलं. तिथे लिहिलं की वाचक मत देतात आणि आठवडाभराने मतांप्रमाणे टोकन, म्हणजे तिथलं डिजिटल चलन, जमा होतात. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. कुणी उलटं मत दिलं तर मोबदला घटतो. मराठीत लिहिणारे तिथे मोजकेच. त्यामुळे पुण्याचे पंकजराव, ज्यांच्या मताला मोठं वजन, ते जीवनच्या प्रत्येक लेखाला आवर्जून मत द्यायचे.

पहिले टोकन आले तेव्हा जीवनने घरी मावा जिलबी आणली होती. मग सवय झाली. तापीचा घाट, केळीचे ट्रक, पुन्हा तापीचा घाट. फोटो टाकायचा, खाली चार ओळी खरडायच्या आणि पंकजरावांचं मत आपलंच, असं धरून चालायचं.

मागच्या हिवाळ्यात ते मत आलं नाही. ते गेलं होतं जवळच्याच डोईफोडिया गावच्या तृप्तीला. नुकतंच लग्न होऊन आलेली, अवघा दुसरा लेख लिहिणारी. जीवनचं डोकं फिरलं. तिचा लेख न वाचताच त्याने उलटं मत ठोकलं. इतक्या वर्षांत साठलेल्या टोकनांमुळे ते असं जड पडलं की तिच्या वाट्याला जवळपास काहीच उरलं नाही.

"जीवनराव, हे काय केलंत?" पंकजरावांनी लेखाखाली विचारलं.

"माझ्या हक्काचं मत तुम्ही तिकडे दिलं, त्याचं काय?"

"मत माझं होतं," एवढंच उत्तर आलं.

त्याखाली तृप्तीने लिहिलं होतं, "दादा, माझं शुद्धलेखन चुकलं का? सांगाल तर सुधारीन." त्यानंतर तिने काहीच लिहिलं नाही.

ती ओळ जीवनला टोचत राहिली. एका दुपारी बायको, सविता, दुकानात डबा घेऊन आली, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

"अहो, पण तिने लिहिलंय तरी काय?"

"वाचलं नाही."

"मग आणा इकडे." सविताने मोबाइल घेतला आणि मोठ्याने वाचू लागली. तृप्तीच्या सासूने, मालूबाईने, शेतातल्या बुजगावण्याला वारलेल्या नवऱ्याचा सदरा चढवला होता. रोज बांधावरून जाताना ती त्याच्याशी दोन शब्द बोलायची. थंडी वाढली तशी एक दिवस तिने घरातली घोंगडी नेऊन त्याच्या खांद्यावर टाकली. सविताने मोबाइल खाली ठेवला. जीवन हातातली तार उगाच सरळ करत बसला.

मत मागे घ्यायची मुदत केव्हाच संपली होती. केलेली नोंद तिथे पुसताही येत नव्हती. रविवारी दोघं मोटारसायकलवर डोईफोडियाला गेले.

जीवनने ओळख सांगताच तृप्ती दारातच अवघडून उभी राहिली. "मला वाटलं, मला लिहिता येत नाही म्हणून तुम्ही..."

"मी वाचलंच नव्हतं, ताई. जळलो होतो, बस. चूक माझी आहे."

ओसरीवर बसलेल्या मालूबाईला कळेना. "काय झालं वं?"

"यांनी मी लिहिलेलं वाचलं, आत्याबाई. तुमच्यावर लिहिलेलं."

"मह्यावर? मले कुठं सांगितलं तू?"

तृप्तीने मान खाली घातली. मग सविताच्या आग्रहाने जीवनने मोबाइल काढला आणि वाचायला लागला. सदऱ्यापाशी मालूबाई ओठ मिटून हसली. घोंगडीपाशी तिने पदर तोंडाला लावला.

"सगळं लिहिलं," वाचून झाल्यावर ती म्हणाली, "त्याइचं नावच टाकलं नाही."

"तुम्ही कधी घेतलंच नाही ना, आत्याबाई. मी कशी लिहू?"

मालूबाईने एकदा शेताकडे पाहिलं. "रामदास," ती हळूच म्हणाली, आणि नव्या नवरीसारखी लाजली. "लिही आता."

तृप्तीने तिसरा लेख लिहायला घेतला, तो त्याच नावापासून.