सईच्या फाइलमधले सोमवार आणि गुरुवार

गेल्या शनिवारी सईच्या शाळेच्या लायब्ररीत आम्ही पाच मोठी माणसं पहिलीच्या पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो होतो... गुडघे हनुवटीला लागत होते. पण गेल्या दोन वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

सई आमची मुलगी, नऊ वर्षांची, चौथीत. आम्ही भोपाळला बाग सेवनियात राहतो. बोलायला लागली की थांबत नाही, पण पुस्तक उघडलं की गप्प... गेल्या वर्षी तपासणीत कळलं की तिला डिस्लेक्सिया आहे. तोवर आम्ही दोघांनी 'लक्ष दे जरा' म्हणून म्हणून तिला पुरतं घाबरवून ठेवलं होतं. आता हे लिहितानाही लाज वाटते.

मग धावपळ सुरू झाली. वाचायला शिकवायला अशोका गार्डनच्या स्पेशल एज्युकेटर, आठवड्यातून दोनदा. आणि टी. टी. नगरला काउन्सेलर, कारण सई सकाळी पोट धरून बसायला लागली होती. एकदा तर म्हणाली, "बाबा, मी बुद्धू आहे, सच्ची." त्या दिवशी माझी बायको मीनल डबा भरता भरता रडली.

आता माझा पराक्रम ऐका. मी सरकारी कार्यालयात बाबू, वीस वर्षं फायली हलवतोय. ज्या टेबलाचा जेवढा संबंध तेवढाच कागद त्या टेबलाला दाखवायचा, ही हाडात मुरलेली सवय... जास्त दाखवलं की शंका निघतात आणि फाइल परत येते.

तर मी सईचीही फाइल केली. टॅग लावून, तीन भागांत, एकदम झकास! एज्युकेटरना अभ्यासाचे कागद, काउन्सेलरना तब्येतीचे, आणि शाळेला... शाळेला फक्त सुट्टीचे अर्ज. 'पोटदुखीमुळे अनुपस्थित.' प्रत्येक अर्जाची फोटोकॉपी माझ्याकडे, तारीखवार.

शाळेला बाकी काही कळू द्यायचं नाही हे मीच ठरवलं होतं. पोरीवर शिक्का बसेल, वर्गात चर्चा होईल, ही भीती. मीनल म्हणत होती, सांगून टाकू या. पण मी ऐकेन तर शपथ!

मागच्या महिन्यात काउन्सेलरकडे घाईत अख्खी फाइलच घेऊन गेलो. त्यांनी सहज चाळायला घेतली आणि अर्जांपाशी थांबल्या. मोबाइलवर कॅलेंडर उघडून एकेक तारीख बघायला लागल्या... सोमवार, गुरुवार, सोमवार, सोमवार, गुरुवार.

"भाईसाहब, ये पेट हफ़्ते में दो ही दिन क्यों दुखता है?"

वीस वर्षं तारखा तपासतोय आणि वार बघायचं सुचलं नव्हतं. सईला विचारलं तर तिने टाइमटेबलवर बोट ठेवलं. सोमवारी आणि गुरुवारी इंग्लिशचं रीडिंग... उभं राहून, सगळ्या वर्गासमोर.

काउन्सेलर रागावल्या नाहीत. शाळेशी बोललेलं चालेल का, हे आधी सईला विचारलं, मग आम्हाला. आणि म्हणाल्या, "अपन सब एक बार साथ बैठ लेते हैं." म्हणून तो शनिवार.

सईच्या क्लासटीचर म्हणजे फार कडक बाई, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचेच डोळे भरून आले. गेले सहा महिने त्या सईला मुद्दाम सगळ्यांत आधी उभं करत होत्या... पोर घाबरते, तर लवकर वाचून मोकळी होऊ दे म्हणून! "मैं तो समझ रही थी कि मदद कर रही हूँ. एक बार बता तो देते, सर."

मी मान खाली घातली.

एज्युकेटरनीही कपाळाला हात लावला. त्या रोज घरी मोठ्याने वाचून घ्या म्हणत होत्या, काउन्सेलर म्हणत होत्या सध्या सक्ती नको, आणि मी दोघींनाही 'जी मैडम' म्हणून येत होतो. हे कळल्यावर सगळ्या हसल्या, मीनल जरा जास्तच.

मग तासाभरात ठरलं. वर्गासमोर वाचन सध्या बंद. धडा आधी एज्युकेटरकडे जाईल, सई तिथे तयारी करेल आणि शाळेत फक्त टीचरना दोन ओळी वाचून दाखवेल. पोट दुखलं तर लगेच घरी धाडायचं नाही, लायब्ररीत दहा मिनिटं बसू द्यायचं. तिघींचा आणि मीनलचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला... मला त्यात घेतलंय, पण मेसेज पोचवायचं काम काढून घेतलंय.

जादू वगैरे काही झालेली नाही. सोमवारी सई गेली आणि दोन ओळी वाचून आली. गुरुवारी पोट दुखलंच, ती लायब्ररीत बसली... आणि मग उठून स्वतःच वर्गात गेली. पण दोन्ही दिवस शाळा झाली!

काल संध्याकाळी सायकल पुसता पुसता तिने मला विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही सगळे माझ्याबद्दलच बोलत होतात ना? वाईट बोललात?"

"नाही ग."

"टीचर पण नाही?"

"त्या तर म्हणाल्या, वर्गात नवीन मुलगी आली तेव्हा सईनेच तिला जवळ बसवलं."

तिने दुसरं चाक पुसायला घेतलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी पण येते. मला पण बोलायचंय."

मी हो म्हटलं आणि आत जाऊन मीनलला सांगितलं. त्या तिघींचे आभार कसे मानायचे ते अजून सुचत नाहीये... म्हणून इथे लिहिलं.