दुप्पट आरसा, चौपट सूत

परवा पालघरच्या कॉलेजात दुर्बिणीच्या आरशावरचं झाकण काढलं आणि आठवीतली एक सकाळ आठवली. तारापूरजवळच्या आमच्या शाळेत बोईसरहून एक पाहुणे दुर्बीण दाखवायला आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट आणि अत्तराचा घमघमाट. "आरसा दुप्पट रुंद केला की प्रकाश दुप्पट मिळतो," ते म्हणाले.

इतर पालकांबरोबर मागे उभे असलेले माझे बाबा चाचरत बोलले, "सायेब, आमी पाग विनतो, ते गोल जाळं. त्याची रुंदी दुप्पट केली तर सूत चौपट लागतं. आरसा पन गोलच हाय ना?"

"काका, आरशात बोंबील नाही पकडायचे!"

वर्ग खो-खो हसला. बाबा आपल्या खारट वासाच्या हातांकडे बघत राहिले.

बरोबर बाबाच होते, हे आता कळतं. त्या अत्तरवाल्याला वर्तुळाचं क्षेत्रफळ येत नव्हतं आणि पागात बोंबील येत नाहीत हेही ठाऊक नव्हतं. असल्या माणसाची मला कीवसुद्धा येत नाही, किळस येते. पण पुढचं लिहायला जड जातंय. त्याला बाबा निदान परके होते. त्या वर्गात सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो.