बिरूची होडी आणि नावाड्यांचं जेवण

बिरू खारतोड्याला माणसांचा राग नव्हता. त्याला ती फक्त कमी प्रतीची वाटायची. मेंढरं त्यांच्यापेक्षा बरी, निदान भाषण तरी करत नाहीत, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणी न विचारता सांगायचा.

तो मूळचा कळसचा. आजाची मेंढरं, बापाची मेंढरं, मग त्याची. उजनीचं धरण भरलं, फुगवट्याचं पाणी पसरत वर आलं आणि करमाळ्याकडच्या माळावर जायची त्यांची वाट बुडाली. बाकीच्यांनी लांबचा रस्ता धरला. बिरूनं निम्मा कळप विकून एक लाकडी होडी घेतली, काठावर खोपट टाकलं आणि वल्ही मारायला शिकला. काठावरचे नावाडी हसले. धनगराचं पाण्यात काय काम, म्हणाले. पहिल्या वर्षी त्याची होडी वारा नेईल तिकडं जायची. तिसऱ्या वर्षी वारा सुटला की बाकीच्यांच्या होड्या बांधलेल्या असायच्या आणि याची तेवढी पाण्यात दिसायची. हे तुमच्या ध्यानात हाय का, असं तो त्यांना अधूनमधून विचारायचा. त्यामुळं तो कुणाला आवडत नव्हता. आवडावा असा तो नव्हताही. उतारूकडून पैसे आधी घ्यायचा आणि वऱ्हाड असलं तरी कुणासाठी थांबायचा नाही. एकदा नवरीची आत्या काठावर राहिली तर म्हणाला, लगीन तिचं न्हाय.

पुढं डिझेलच्या लाँच आल्या. वल्ही मारणाऱ्यांनी होड्या मोडून कुणी फळ्या गोठ्याच्या दाराला ठोकल्या, कुणी चुलीत घातल्या. कुणी कारखान्यावर सीझनला लागला, कुणी लाँचवर दोर टाकायला. लाँचमध्ये माणसं चढत, सायकली चढत, दुधाचे कॅन चढत. मेंढरं मात्र कुणी घेत नसे. लेंड्या कोण झाडणार? ती बिरूच न्यायचा. कळपाचा म्होरक्या मेंढा आधी चढवायचा, त्याचं शिंग धरून बसायचं, बाकीची आपोआप मागं येतात. पलीकडं जाणारे आणि येणारे कळप त्याला ठाऊक होते, त्यांना तो ठाऊक होता. यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, शकुबाईचं, भागत होतं, आणि दुसरं काही करायची त्याची इच्छा नव्हती.

शहाण्णव सालच्या माघात हिंदुराव त्याच्या खोपटाशी आला. हिंदुरावानं उमेदीत दोन वर्षं वल्ही मारली होती आणि त्यानंतरची बारा वर्षं तो त्याबद्दल बोलत होता. तेवढ्या भांडवलावर तो नावाडी मंडळाचा अध्यक्ष झाला होता. मंडळानं जुन्या नावाड्यांचं स्नेहभोजन ठरवलं होतं आणि त्याचा सगळा खर्च विजयसिंह करणार होते. विजयसिंहांकडं लाँचचा ठेका होता, आणि बारामती रस्त्याला त्यांचं नवं गार्डन हॉटेल उभं राहत होतं. त्या हॉटेलच्या दारात त्यांना एक जुनी होडी पाहिजे होती. तिच्यात माती भरून शेवंती लावायची, रात्री खालून दिवे सोडायचे. आख्ख्या काठावर आता धड होडी एकच उरली होती.

बिरूनं विचारलं, "आन मी काय करू?"

"तुझी सोय केली हाय. हॉटेलवर वॉचमन. डिरेस देणार, पांढरी टोपी देणार. होडीपशीच हुबा राहा, आलेल्या गाडीला सलाम ठोक."

"माझ्याच होडीपशी?"

"मग? वळख ऱ्हाईल न्हवं तुला."

बिरू नको म्हणणार, हे हिंदुराव जाणून होता. म्हणून उठता उठता त्यानं सांगून ठेवलं, की घाट ठेक्यात आहे; विजयरावांच्या मनात आलं तर उद्यापासून तिथं बिरूची होडी लागायची नाही. मंडळीसमोर होडी द्यायची, शाल घ्यायची आणि गप बसायचं. बिरू गप बसलाच. त्याच्याकडं बोलण्यासारखं होतं ते शकुबाईनं सगळं ऐकलं. हिंदुरावाच्या कानावर त्यातलं एक अक्षर पडतं तर बरं झालं असतं.

जेवणाच्या दिवशी सकाळीच काठावर मांडव पडला. फलक रंगवून आणला होता, त्यावर एक नाव काढली होती, तिला शीड होतं. भीमेवर शिडाची नाव कुणी जन्मात पाहिली नव्हती, पण फलकाकडं बघून सगळ्यांनी माना डोलावल्या. तीसेक जुने नावाडी धुतलेल्या टोप्या घालून आले. एकेकाळी हे एकमेकांचे उतारू पळवायचे, रात्री एकमेकांचे दोर सोडून द्यायचे. आता ते गळ्यात पडत होते. पाण्याची सेवा, माणसांची सेवा, असं काहीबाही बोलत होते. ज्यानं बाळंतिणीला पलीकडं न्यायला दुप्पट पैसे घेतले होते, तो सेवेवर सगळ्यात जास्त बोलला. बिरू मांडवाच्या कडेला उकिडवा बसून तंबाखू मळत होता. प्रत्येक भाषणाला तो थोडा थुंकायचा.

मागं चुलवणावर मटण शिजत होतं, माळकऱ्यांसाठी वेगळी वांग्याची भाजी होती. बायका भाकरी थापत होत्या, त्यांत शकुबाई होती. पण विजयसिंहांना बारामतीला जायचं होतं, म्हणून जेवणाआधी सत्कार आणि सत्काराआधी फोटो, असं हिंदुरावानं जाहीर केलं. फोटो होडीत बसून काढायचा. त्याच फोटोत होडीचं दान व्हायचं.

होडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. कंबरभर पाण्यात ती उभी होती आणि बिरू काठावर तिचा दोर धरून होता. विजयसिंह पांढऱ्या सफारीत मधल्या फळीवर बसले. त्यांच्या हातात वल्हं दिलं, ते त्यांनी उलटं धरलं. कुणी सांगितलं नाही. मग हिंदुराव चढला. तो चढल्याबरोबर बाकीचे चढू लागले, आणि किती चढावेत याचा विचार कुणाच्या डोक्याला शिवला नाही. बिरू बघत होता. म्होरक्याचं शिंग धरायलासुद्धा कुणी लागलं नव्हतं.

फोटोग्राफर इंदापूरचा. तो डाव्या अंगाला काठावर उभा होता. सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत, जरा इकडं सरका, असं तो म्हणाला. एवढंच पुरलं. विजयसिंहांच्या शेजारी आपलं तोंड दिसावं म्हणून मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यावरून माना काढल्या, पलीकडच्या कडेचे उठून अलीकडं आले. होडीनं डावी बाजू खाली घातली.

मधी बसा, कडंला जाऊ नका, हे वाक्य त्या होडीतल्या प्रत्येकानं आयुष्यभर उतारूंना ऐकवलं होतं. शिव्या देऊन ऐकवलं होतं. पोरांच्या पाठीत वल्ही घालून ऐकवलं होतं. आज ते उतारू होते, त्यामुळं ते कुणाला आठवलं नाही. बिरूला आठवलं. पाणी कडेला लागलेलं त्याला दिसलं. त्यानं तोंड उघडलं, हातातली तंबाखू आत टाकली आणि दोर जरा सैल सोडला.

होडी फार घाई न करता उलटली.

बुडण्याइतकं पाणी नव्हतं. गाळ मात्र गुडघाभर होता. तीस नावाडी आणि एक ठेकेदार त्यात ओरडत, एकमेकांना धरून उठत आणि पुन्हा बसत होते. मांडवातल्या बायका धावत आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. विजयसिंहांना चौघांनी ओढून काढलं. एक बूट आत राहिला. थंडीनं त्यांची दातखीळ बसायची पाळी आली, तेव्हा बिरूसाठी आणलेली शाल हिंदुरावानं त्यांच्या अंगावर घातली.

विजयसिंहांनी आधी तोंडातली माती थुंकली.

"हिंदुराव," ते म्हणाले, "हे अपशकुनी लाकूड माझ्या दारात आणायचं नाही."

"मी तर पयल्यापासनं म्हणत हुतो, विजयराव," हिंदुराव म्हणाला. "मेंढरांची होडी ती. हॉटेलाला शोभती का?"

मग तो बिरूकडं वळला. साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं त्याला घाणेरडा म्हटलं, नालायक म्हटलं, आणि शेवटी म्हणाला, "घेऊन जा तुझं डबडं. मेंढरंच वाहा जन्मभर."

"व्हय आबा," बिरू म्हणाला.

विजयसिंहांची गाडी न जेवता गेली. बाकीचे जेवले. ओली धोतरं मांडवाच्या दोरीला टाकून, टॉवेल गुंडाळून पंगतीला बसले. आपण मधी बसा म्हणून ओरडलो होतो, असं निम्म्यांनी सांगितलं आणि निम्म्यांनी आपण ते ऐकल्याचं सांगितलं. चूक फोटोग्राफरची होती, यावर एकमत झालं. मटण चांगलं झालं होतं. भाकरीला लोक तीन-तीनदा हात करत होते.

बिरूनं दोघांना हाताशी घेऊन होडी सुलटी केली, पाणी उपसलं, माळा काढून फेकल्या. मग हात न धुता पंगतीला बसला आणि पोटभर जेवला.

उन्हं कलताना शकुबाई उरलेल्या भाकरी फडक्यात बांधून होडीत येऊन बसली. घाट मागं पडला.

"अवं," ती मग म्हणाली, "कड खाली चाललेली तुमास्नी दिसली न्हाय व्हय?"

"दिसली की."

"मग सांगायचं न्हाय?"

बिरूनं वल्हं ओढलं. "सगळी नावाडीच हुती की गं. त्यास्नी मी धनगरानं काय सांगायचं?"

एखाद्याची मान मोडली असती म्हणजे, असं ती म्हणाली. मोडली न्हाय ना, असं तो म्हणाला. मग तिनं त्याला सांगितलं, की अंथुर्ण्याचा सोनबा मांडवात येऊन गेला; त्याचा कळप परवा पलीकडं न्यायचाय, आणि त्यानं पैसे आधी द्यायला नाही म्हटलंय.

"मग पोहत जा म्हणावं," बिरू म्हणाला.