मामांची वाढीव चाल

आमच्या हिच्या मामांसारखा उतावळा माणूस तापीच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. हे मी अनुभवानं सांगतो, कारण माझं लग्नच त्या उतावळेपणानं जमलं. मी मुलगी पाहायला धुळ्याला गेलो होतो. मुलीकडच्यांनी अशा वेळी जरा राखून असावं, चार दिवसांनी कळवतो म्हणावं, अशी रीत. मामांनी मला पोहे खाताना पाहिलं आणि माझी बशी रिकामी व्हायच्या आत जाहीर केलं, "मुलगा पसंत! पेढे आणा!" माझे वडील गांगरून म्हणाले, "अहो, आम्हाला विचार करायला जरा वेळ..." "वेळ कशाला? त्या वेळात तुम्ही दुसरी मुलगी पाहाल!" वडिलांच्या तोंडात पेढा गेला आणि बोलणं संपलं.

मामा शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. आनंद झाला की ती वाजायची, आणि त्यांना आनंद व्हायला फारसं कारण लागत नसे. शेवभाजीचा पहिला घास घेतला की ते आचाऱ्याला बाहेर बोलावून त्याचा हात हातात घेत. दुसऱ्या घासाला ठसका लागून डोळ्यांतून धारा लागल्या, तरी "पाणी येऊ दे, तारीफ मागे घेणार नाही," असं त्या बिचाऱ्याला बजावत. मामी होत्या तोवर त्यांना थोडा लगाम होता. त्या गेल्या, आणि रविवारची दुपार मामांना खायला उठू लागली. नेमका तेव्हा साक्रीकडच्या पवनचक्क्यांवर काम करणारा एक इंजिनियर त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आला, आणि त्यानं मामांना पोकर शिकवला.

हा पोकर ठरीव चालीचा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, मधे पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडायची आणि दर टप्प्याला चाल करायची. चाल मात्र बांधलेली. आधी दोन, पुढे चार, आणि वाढवायचं तरी तेवढंच. पैसे मामांना चालत नसत, म्हणून चिंचोके. इंजिनियर बदलून गेला, पण खेळ राहिला. मामा, शेजारच्या निवृत्त नर्स अक्का आणि पुढे धुळ्यालाच नोकरीला लागलेला मी असा आमचा फड जमायचा.

पान चांगलं आलं की ते कसं खेळावं, यावरून अक्का आणि मामा यांचं कायमचं वाजलेलं. अक्का म्हणत, "चांगली पानं आली की गप बसावं. समोरच्याला वाटू द्यावं, हिच्याकडे काही नाही." मामा उसळत. "अक्का, इथे एकदम पन्नास लावून कुणाला गाठता येत नाही! दोन मिळतात तिथे दोन घ्या, चार मिळतात तिथे चार. तुम्ही गप बसलात की समोरच्याला पुढचं पान फुकट बघायला मिळतं, आणि तेच पान तुमचा गळा कापतं!" मग चांगला हात आला रे आला की, "वाढवा!" अशी आरोळी. रस्त्यावरचा भाजीवाला दचकून थांबायचा. मामांची वाढ ऐकून आम्ही पानं टाकून द्यायचो, हे खरं. पण मधूनच ते काहीही हातात नसताना तशीच आरोळी ठोकत, आणि आम्ही तेव्हाही टाकायचो. कोणती आरोळी खरी, हे मला कधीच कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण जळगावहून त्यांची मुलगी वैशाली तातडीनं आली ती बॅग भरायच्या तयारीनंच. "आता माझ्याकडे राहायचं. एकटं राहणं बस्स." मामा म्हणाले, "जळगाव? त्या उन्हाळ्यात?" जणू धुळ्याला बर्फ पडतो. दोन दिवस वाद झाला. शेवटी वैशालीच म्हणाली, "बाबा, डाव मांडा. तुम्ही जिंकलात तर इथे राहा, मी बाई ठेवून देते. मी जिंकले तर निमूट गाडीत बसायचं." मामांनी शिट्टी वाजवली.

चहापर्यंत ज्याच्यापुढे चिंचोके जास्त, तो जिंकला, असं ठरलं. अक्कांनी पानं वाटली, मी मामांच्या शेजारी बसलो. पोरगी बापाचीच होती, दबत नव्हती. चहाचं आधण ठेवलं तेव्हा मामा बरेच पुढे होते आणि शेवटचा हात वाटला गेला. मामांनी पानं उचलली. दोन राजे! मधे उघडले राजा, नव्वी, चौका. "वाढवा!" वैशालीनंही वाढवलं. चौथं पान आणखी एक चौका. पुन्हा तेच. पाचवी आली नव्वी. मामांनी चाल केली, वैशालीनं वाढवली.

मी कानात म्हणालो, "मामा, आता नुसती चाल भरा आणि पानं बघा. हरलात तरी तुम्ही पुढेच राहता. इथेच राहायला मिळेल."

"तीन राजे आणि वर नव्व्यांची जोडी," मामा पुटपुटले. "याला फक्त चार चौके किंवा चार नव्व्या मारतात. एवढ्याला भिऊन हात आखडू?" आणि गरजले, "वाढवा!"

वैशालीनं पुन्हा वाढवलं. मामांनी चिंचोके भरले. तिनं पानं उलटी केली. दोन नव्व्या. मधल्या दोन धरून चार.

अक्कांनी दोघांचे चिंचोके मोजले. वैशाली जेमतेम पुढे गेली होती. मग मामांनी अशी शिट्टी फुंकली की अक्कांनी कान झाकले. "काय हात झाला! अहो, काय हात झाला!" त्यांनी मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, मुद्दाम हरलात ना?"

"मुद्दाम? तीन राजे हातात धरून?" मामा खरोखर चिडले. "बरोबर खेळलो आणि हरलो! बॅग भर."

त्यांनी शब्द पाळला. निघताना चपला घालता घालता अक्कांना एवढंच म्हणाले, "येत ऱ्हायजो." घरी एरवी ते अहिराणी फारसं बोलत नसत.

जळगाव काही लांब नाही. मध्यंतरी मी गेलो होतो. वैशालीचं घर चांगलं आहे, मामांची खोली हवेशीर आहे, नातवंडं त्यांच्या अंगाखांद्यावर असतात. भरीत-पुरी झाली, गप्पा झाल्या. संध्याकाळी मामा मला सोडायला बसस्टँडवर आले. धुळ्याची गाडी लागलेली होती, जागाही होती. मी पायरीवर पाय ठेवला तसं मामांनी माझी बाही धरली. "पुढची धर ना," ते हळू म्हणाले. मी खाली उतरलो. ती गाडी गेली, तिच्यामागची गेली. अक्का कशा आहेत, वरच्या खोलीत कोण आलं, दारातला कडुनिंब फुलला का, असं ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो. उजेड कमी होत गेला. बाकावर आम्ही दोघं तसेच बसून होतो.