चौतीस घरांची यादी

मार्चची अकरा तारीख, मंगळवार. दुपारी शाळेतून आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर अर्जाच्या प्रती स्टेपल करायला बसले. सात प्रती नगरसेवकांना, एक क्लार्कला, एक आम्हाला. सुनावणी सहा वाजता होती.

मागणी साधी होती: रस्ता ओलांडायला झेब्रा पट्टे आणि सिग्नल. अमेरिकेत आम्ही राहतो त्या बॉथेलच्या शेजारच्या शहरात, मोठ्या रस्त्यालगत एक अपार्टमेंटची वसाहत आहे. राहणारे बहुतेक मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे. बसचा थांबा रस्त्यापलीकडे. मध्ये चार लेन, झेब्रा नाही, दिवा नाही. थंडीत पहाटे कामाला निघालेल्या एका बाईला गाडीने उडवलं. ती वाचली, पण अजून कुबडी घेऊन चालते. तेव्हापासून आमची पुढारीण सिटी हॉलच्या मागे लागली होती. पुढारीण हा माझा शब्द. ती शाळेच्या किचनमध्ये माझ्याबरोबर काम करते, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, मूळची ग्वाटेमालाची. मला कागद नीट लावता येतात म्हणून तिने मला यात ओढलं, आणि नावही ठेवलं, ‘सेन्योरा फाइल’, म्हणजे फाइलवाली बाई.

पुण्यात मी नऊ वर्षं महापालिकेच्या खिडकीत बसून अर्ज घेतले. परिशिष्टाशिवाय आलेला अर्ज मी परत पाठवत असे. इथे सह्यांच्या पानांवर नुसतं पहिलं नाव आणि सही होती. एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार, असं माझ्या मनात आलं. दारोदार फिरताना मी कामापुरती एक यादी केली होती. ती टाइप करून मागे जोडली. चौतीस घरं. पूर्ण नाव, अपार्टमेंटचा नंबर, फोन, घरात माणसं किती, आणि शेवटचा रकाना, ‘घरी कधी भेटतील’. पुन्हा भेटायला जाताना आम्हाला हेलपाटा पडू नये म्हणून तो केला होता. तो काढायचं मला सुचलं नाही. पुढारणीला विचारायचंही सुचलं नाही.

सुनावणी चांगली झाली. पुढारीण तीन मिनिटं बोलली, एकदाही अडखळली नाही. अध्यक्षबाईंनी आमचा गठ्ठा उचलून दाखवला आणि म्हणाल्या, “इतकी व्यवस्थित तयारी आम्ही क्वचित बघतो.” मी मागच्या रांगेत ताठ बसले.

बाहेर लॉबीत पुढारीण बाकावर बसून आमची प्रत चाळायला लागली. “दाखव तरी, सेन्योरा फाइल, कशाचं एवढं कौतुक झालं,” असं हसत म्हणाली. शेवटच्या पानावर आली आणि हसू गेलं. तिने बोट रकान्यावर ठेवलं.

“हे आत दिलंस?”

“परिशिष्ट आहे. त्याशिवाय—”

“मी विचारलं, दिलंस का?”

“आठही प्रतींना जोडलंय.”

तिने ते पान माझ्यापुढे धरलं. त्या हिवाळ्यात वसाहतीच्या फाटकाशी इमिग्रेशनवाल्यांच्या काळ्या काचांच्या गाड्या, कागदपत्रं नसलेल्यांना शोधत, दोनदा येऊन गेल्या होत्या. एकदा छपरांची कामं करणाऱ्या एका माणसाला धरून नेलं. त्यानंतर लोक दार उघडेनासे झाले होते. मला उघडत होते, कारण मी पुढारणीबरोबर असायचे. कोण कुठे राहतं आणि केव्हा घरी सापडतं, हे मी टाइप करून, स्टेपल मारून सरकारी टेबलावर ठेवलं होतं.

मी आत धावले. क्लार्क शिक्के गोळा करत होता. वागायला सभ्य होता.

“मॅम, शिक्का बसलेला कागद मला परत देता येत नाही. हे आता पब्लिक रेकॉर्ड आहे. उद्या दहा वाजता सगळं वेबसाइटवर चढतं.”

“त्यात लोकांचे पत्ते आहेत.”

“ते तुम्हीच दिलेत, मॅम.”

अर्ज परत मागणाऱ्यांना मी स्वतः नऊ वर्षं हेच, याच आवाजात सांगितलं होतं. आमचे वरचे साहेब सकाळी साडेआठला येतील, त्यांना भेटा, एवढं मात्र त्याने सांगितलं.

पार्किंगमध्ये मी पुढारणीला म्हटलं, “आत्ता कुणाला सांगू नको. सकाळी साहेबाला गाठू. कदाचित निभावेल. उगाच घाबरवायचं कशाला?”

“देताना त्यांना विचारलं नाहीस. आता सांगायचंही नाही?”

“मी चुकले. पण—”

“पण तुझ्याकडे इथला पासपोर्ट आहे,” ती म्हणाली. “तू सकाळपर्यंत थांबू शकतेस.”

मग ती शांतपणे म्हणाली, “फोन मी आत्ता सगळ्यांना करते. पण दारं उद्या तू वाजवायची. तुझ्या तोंडून ऐकू देत. साहेबाकडे मी जाते.”

घरी आले तर मुलगी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला सांगितलं. “आई, यू डिड व्हॉट?” ती म्हणाली. मग न सांगता गुगलवर माझ्यासाठी स्पॅनिश वाक्यं काढून दिली. मी ती पोळ्या लाटताना मोठ्याने घोकली. नवरा म्हणाला, “आपल्याला काही होणार नाही ना?” मी पुढची पोळी तव्यावर टाकली.

सकाळी शाळेत आजारी असल्याचा फोन केला आणि साडेसातला वसाहतीत पोचले. काही घरं रात्रीतच रिकामी झाल्यासारखी वाटत होती. ते खरं होतं की माझी भीती, सांगता येत नाही. पहिलं दार एका हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईचं. तिला फोन गेलेला होता. तरी मी माझं वाक्य पूर्ण म्हटलं: तुमचा पत्ता मी दिला, तुम्हाला न विचारता दिला, माझी चूक आहे. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, “दहा वाजता?” मी मान हलवली. ती आत गेली आणि दोन बॅगा घेऊन बाहेर आली. तिची बहीण पस्तीस मैलांवर राहत होती आणि बस पकडायला तो रस्ता ओलांडावा लागला असता.

मी बॅगा माझ्या गाडीच्या डिकीत टाकल्या. वाटेत ती सीट खाली करून आडवी झाली होती, बाहेरून दिसू नये म्हणून. पुढारणीचा फोन आला: वकिलाला विचारेपर्यंत यादी वेबसाइटवर टाकणार नाहीत. आज नाही. उद्याचं साहेब बोलला नाही.

तिला बहिणीच्या दारात उतरवलं, गाडी वळवली, वसाहतीत परत आले आणि दुसरं दार वाजवलं.