बोअरच्या पाण्यातला फेस

दाढीच्या साबणांबद्दल मला कुणी विचारलं की मी थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वेलचेरीतल्या माझ्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये एकच फळी आहे आणि तिच्यावर टूथपेस्टलासुद्धा जागा नाही, सगळ्या साबणाच्या डब्या. क्रीम नाही, कॅनमधला फोम तर नाहीच नाही. गोल वडी, ओला ब्रश, वाटी, आणि मनगट फिरवून फिरवून काढलेला फेस.

चंदनाचा वास सगळ्यात भारी, अगदी सहाणेवर उगाळल्यासारखा, पण त्याचा फेस लगेच बसतो, एक गाल होईपर्यंत दुसरा वाळायला लागतो. लिंबाचा वास म्हणजे भांड्याच्या साबणाचा सख्खा भाऊ, पण फेस काय येतो, दह्यासारखा घट्ट, ब्लेड आपोआप सरकतं. खसचा दोघांच्या मधला. मेन्थॉलचा मे महिन्यात लावला की डोकंसुद्धा गार होतं, फक्त कापलं असेल तर बोंब. आणि या सगळ्यांचा शत्रू एकच, आमच्या बिल्डिंगचं बोअरचं पाणी. इतके क्षार की बादलीला पांढरी कड धरते. त्या पाण्यात साबण फुलतच नाही, नुसता चोथा होतो. म्हणून मी दाढीपुरतं प्यायच्या कॅनमधलं पाणी घेतो. पेरुंगुडीच्या ऑफिसात हे एकदा सांगितलं, तेव्हापासून तिथली तमिळ मंडळी मला महाराज म्हणतात.

हा नाद बाबांचा. म्हणजे त्यांनी आयुष्यभर एकच साधी वडी वापरली, वासबीस काही नाही, पण त्यांचा फेस बघण्यासारखा असायचा. वाटीत ब्रश फिरायला लागला की टकटक टकटक असा एका लयीत आवाज यायचा आणि मी शाळेचे बूट घालताना तो ऐकत बसायचो.

आई गेल्यावर बाबा सांगलीत एकटेच राहायचे. मग व्हिडिओ कॉलवर त्यांच्या हनुवटीखाली दाढीचे पुंजके दिसायला लागले, गालावर कापल्याच्या खुणा. मी म्हटलं, या महिनाभर इकडे. आले, पण इथल्या सेंट्रल स्टेशनवर उतरल्या उतरल्या मला म्हणाले, "परतीचं तिकीट काढूनच आलोय. घर बंद ठेवायचं नाही मला." तो पूर्ण महिना त्यांना एवढीच एक गोष्ट हवी होती. परत जाऊन आपल्या घरात आपलं आपण राहायचं.

मी तर खूशच होतो, इतक्या दिवसांनी साबणांवर बोलायला घरात माणूस. पहिल्याच रविवारी सगळ्या डब्या टेबलावर मांडल्या.

"बाबा, डोळे मिटा. हा कुठला?"

"चंदन."

तो खस होता. पुढचा दिला.

"हाही चंदनच. एकाच दुकानात लुटला गेलास की काय?"

"बाबा, हा लिंबाचा आहे. खालच्या मजल्यावर पण वास गेला असेल."

"मग खालच्यांना विचार."

मला वाटलं फिरकी घेतायत, स्वभावच आहे त्यांचा. मेन्थॉल दिला तेव्हा म्हणाले, "हा नाकाला गार लागतो," आणि मी टाळी दिली, बरोबर ओळखला म्हणून. गार लागतो म्हणाले होते, वास येतो असं नाही, पण हा फरक तेव्हा कुठे कळला मला.

दुसरं म्हणजे त्यांचा फेस येईना. पातळ, पाणी घातलेल्या दुधासारखा, त्यावरून ब्लेड खरडत जायचं आणि रोज कुठेतरी रक्त. मला तर कारण पाठच होतं, पाणी. कॅनचं पाणी दिलं, तरी येईना. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं. मग ब्रश बदलला, मग लिंबाचा साबण दिला, म्हटलं याचा फेस तर लहान मूलही काढेल. बाबाही लगेच माझ्या बाजूने. "पाणीच वाईट आहे रे तुमच्याकडे. तिकडे कृष्णेचं पाणी. तिकडे गेलो की येतो बघ फेस." त्यांना पाण्याचं कारण हवंच होतं आणि मी ते रोज नव्या बाटलीत भरून देत होतो.

मग एक दिवस कॅनवाला आलाच नाही. मला ऑफिसची घाई, मी बाबांचीच वाटी घेतली, त्यांचाच ब्रश, लिंबाची वडी आणि नळाचं तेच खारट पाणी. जोर लावावा लागला, पण फेस आला. चांगला आला. बाबा दारात उभे राहून बघत होते. मी वाटी धुऊन त्यांच्या हातात दिली आणि बूट घालायला बाहेर येऊन बसलो. बाबा पाठमोरे होते, पण आरशात मला त्यांचे हात दिसत होते. ब्रश एकदा फिरला, दुसऱ्यांदा जरा लहान गोल, मग आणखी लहान, आणि मग वाटीच्या मधोमध थांबला. हात नुसता बारीक थरथरत होता. ते वाटीत बघत उभे होते, जसं काही फेस आपोआप वर येणार आहे.

ऑफिसात मीटिंग चालू असताना मी फोनवर शोधलं. आधी हात मंदावण्याबद्दल, मग वास न येण्याबद्दल. दोन्हीकडे एकच आजार पुढे आला. मराठीत त्याला कंपवात म्हणतात, पण तमिळ असो की इंग्रजी, डॉक्टर पार्किन्सन्सच म्हणतात.

डॉक्टरची वेळ शनिवारची मिळाली. बाबा शनिवारी दाढी करत नाहीत, माझ्या मुंजीतसुद्धा शनिवार आला म्हणून आदल्या दिवशीच करून आले होते. त्या शनिवारी मी उठलो तर ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसलेले. उजवा गाल ठीक होता. डावीकडे कानापासून जबड्यापर्यंत पांढरे खुंट तसेच, मध्ये दोन ठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवलेले.

"मी नीट करून देऊ?" मी विचारलं.

"झालीये. चल, उशीर होईल."

डॉक्टर मॅडमनी त्यांना अंगठा आणि बोट भरभर जुळवायला सांगितलं. चालवलं, उजवा हात अंगाला चिकटलेलाच राहिला. कागदावर गोल गोल काढायला लावलं, ते गोलही आत आत जात बारीक झाले. वास येतो का असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "येतो की. चंदन वगैरे सगळं येतं." मी मॅडमना इंग्रजीत सांगताना ते तसंच सांगितलं आणि मग खरं काय तेही सांगितलं. बाबांना तेवढं इंग्रजी कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅडम म्हणाल्या, गोळ्यांनी बराच फरक पडेल, पण बरं होण्यातला हा आजार नाही. बाबांनी एकच विचारलं, मला मध्ये न घेता, त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, की घरी एकटं राहता येईल का. मॅडमनी त्या डाव्या गालाकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

शेअर ऑटोत तीन अनोळखी माणसांमध्ये दाबून बसून आम्ही घरी आलो. घराजवळच्या विजयनगरच्या सिग्नलला बाबा म्हणाले, "तिकीट रद्द कर."

"आत्ताच कशाला, बघू की गोळ्यांनी काय..."

"रद्द कर म्हटलं ना. आणि घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, त्यांना सांग कुंड्या घेऊन जा म्हणून."

आता त्यांची दाढी मीच करतो. गोळ्यांनी चालणं सुधारलंय, हात तेवढा नाही. पण फेस मी काढायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. स्टुलावर बसतात, वाटी मांडीवर घेतात आणि ब्रश हलवत राहतात. मी रेझर धरून उभा. चहा गार होतो, ऑफिसची बस जाते. जो फेस येतो तो पातळ असतो, गळ्यावरून ओघळतो, धरून काही राहत नाही. ब्लेड अडखळतं, मी हात आणखी हलका करतो. नळ हाताशीच असतो, मिनिटभरात घट्ट फेस काढता येईल, पण मी वाटीला हात लावत नाही.

"आला ना फेस?" ते विचारतात.

"आला," मी म्हणतो, आणि त्यांची हनुवटी वर करतो.